एका युनिटची किंमत आणि सेनापती बापट

पुण्यातला सेनापती बापट रोड आपल्याला चांगलाच ठाऊक आहे. इंटर्नशिपचे इंटरव्ह्यू, मॉल, बर्थडे पार्ट्या, सगळं तिथेच. मुंबईच्या मुलांना दादरहून लोअर परळकडे जाणारा सेनापती बापट मार्ग माहीत असतो. पण हे सेनापती कोणत्या लढाईचे, असं विचारलं तर आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? मला तरी येत नव्हतं. शिवाजी महाराजांच्या किंवा पेशव्यांच्या वेळचे कोणीतरी असावेत असं मी वीस वर्षं समजून चालले होते.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची पंचाईत होते. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. लिहायला बसले त्याला कारण झाला मागच्या सेमिस्टरचा मिनी प्रोजेक्ट. विषय होता कोळशाच्या विजेऐवजी सोलर घेतली तर एका युनिटला किती खर्च येईल. आमच्या ग्रुपने एक्सेल शीट बनवली. पॅनेल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, मेंटेनन्स, कर्जाचं व्याज, सगळे कॉलम भरले आणि पेबॅक पीरियड काढला. वायवाला सरांनी शीट पाहिली आणि एवढंच विचारलं की यात जागेची किंमत तुम्ही काय धरली आहे. आम्ही शून्य धरली होती. जागा सरकारी आहे असं मानलं होतं. सर हसले आणि म्हणाले की एकदा लायब्ररीत जाऊन मुळशी सत्याग्रहाबद्दल वाचा. मार्क कापलेच, पण त्यामुळे मला सेनापती बापट भेटले. आणि कळलं की हा माणूस आपल्याच ब्रँचचा, मेकॅनिकलचा विद्यार्थी होता!

त्यांचं पूर्ण नाव पांडुरंग महादेव बापट. जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. संस्कृतसाठी त्या काळी प्रतिष्ठेची असलेली जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप त्यांनी मिळवली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १९०३ मध्ये ते बी. ए. झाले. कॉलेजात असतानाच देशासाठी आयुष्य द्यायचं असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. १९०४ मध्ये त्यांना मंगलदास नथुभाई स्कॉलरशिप मिळाली आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकण्यासाठी ते स्कॉटलंडला, एडिंबरोला गेले. पारनेरसारख्या गावातून थेट विलायतेला. आज आपल्याला जी आर ई द्यायची म्हटलं तरी घाम फुटतो!

सरळ शिकले असते तर परत येऊन मोठ्या पगाराचे इंजिनिअर झाले असते. कदाचित याच सह्याद्रीत धरणं बांधायला लागले असते. पण एडिंबरोत त्यांनी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राजवटीवर टीका करणारं भाषण केलं आणि स्कॉलरशिप बंद झाली. डिग्री राहिली. मग लंडनचं इंडिया हाऊस, तिथे सावरकरांची ओळख, आणि तिथून पॅरिस. पॅरिसला एका रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्ब बनवण्याची विद्या शिकून, त्या विद्येचं हस्तलिखित पुस्तक घेऊन १९०८ मध्ये ते परत आले. त्याच वर्षी बंगालमध्ये अलीपूर बॉम्ब खटला सुरू झाला. त्यात त्यांचं नाव निघालं आणि बापट भूमिगत झाले. चार वर्षं वेगवेगळ्या वेषांत देशभर फिरले. १९१२ मध्ये पकडले गेले, पुढे सुटले.

सुटल्यावर ते पारनेरला आले आणि तिथे त्यांनी जे सुरू केलं ते मला बॉम्बपेक्षाही धाडसाचं वाटतं. रोज सकाळी हातात झाडू घेऊन ते गावचे रस्ते आणि गटारं साफ करू लागले. विलायतेत शिकून आलेला ब्राह्मण माणूस गटारं साफ करतो म्हटल्यावर त्या काळच्या गावात लोक काय बोलले असतील याची कल्पना करा. झाडूची ही सवय त्यांनी पुढेही सोडली नाही. नंतर पुण्याला येऊन ते वर्तमानपत्रांत काम करू लागले. वय चाळिशीला आलं होतं. आणि इथेच त्यांच्या आयुष्यात मुळशी आली.

आता थोडा वेळ बापटांना पुण्यात ठेवून मुंबईला जाऊ, कारण मुळशीची गोष्ट मुंबईच्या धुरातून सुरू होते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची मुंबई म्हणजे कापडगिरण्या. प्रत्येक गिरणीचं स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःचा बॉयलर आणि स्वतःची चिमणी. पण मुंबईच्या आसपास कोळसा नाही. तो यायचा बंगाल-बिहारच्या खाणींतून, म्हणजे जवळजवळ दोन हजार किलोमीटरवरून रेल्वेने, नाहीतर परदेशातून बोटीने. आजच्या सुधारलेल्या थर्मल प्लांटलाही एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. त्या वेळच्या इंजिनांना त्याहून बराच जास्त लागायचा. म्हणजे गिरणीमालकाला खाणीतल्या भावाबरोबर वाहतुकीचाही मोठा खर्च भरावा लागे. रेल्वेचे डबे मिळाले नाहीत किंवा बोटी आल्या नाहीत की गिरणीचा जीव टांगणीला. पहिल्या महायुद्धात तर बोटींचे हाल झाले आणि कोळशाची टंचाई सगळ्यांनीच भोगली. धूर वेगळाच, तो गिरणगावातल्या चाळींत राहणाऱ्यांच्या छातीत जायचा.

अशा वेळी घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून, तो कोकणाच्या बाजूला खाली सोडून वीज बनवायची ही कल्पना पुढे आली. जमशेटजी टाटांनी तिचा पाठपुरावा केला. ते १९०४ मध्ये वारले, पण त्यांचे चिरंजीव दोराबजी यांनी काम पुढे नेलं. १९१० मध्ये कंपनी उभी राहिली आणि तिच्यासाठीचं भांडवल हिंदी लोकांनी दिलं, हेही त्या काळात मोठंच होतं. लोणावळ्याजवळच्या तलावांचं पाणी खोपोलीला सोडून १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली. आजच्या भाषेत बोलायचं तर ही आपल्याकडची अल्टरनेटिव्ह एनर्जी. स्वच्छ, स्वदेशी, धूर नाही, कोळसा नाही. तिला पांढरा कोळसा असंही म्हणायचे.

आता आपलं गणित. घाटमाथा आणि पायथा यांत साधारण ५०० मीटरचा फरक धरा. हॉस्टेलच्या गच्चीवर १००० लिटरची काळी टाकी असते ना, तेवढं पाणी ५०० मीटर खाली सोडलं तर एम जी एच प्रमाणे ४९ लाख ज्यूल, म्हणजे १.३६ युनिट. पाइप, टर्बाइन आणि जनरेटरचे लॉसेस वजा केले तर हातात साधारण १.२ युनिट. एक टाकी पाणी आणि सव्वा युनिटसुद्धा नाही! एका खोलीचा गीझर तासभरही चालणार नाही. मुळशीच्या पाण्यावर चालणाऱ्या भिरा केंद्राची क्षमता पंप स्टोरेज सोडून १५० मेगावॉट आहे. ते पूर्ण ताकदीने एक तास चालवायचं तर अशा सव्वा लाख टाक्या पाणी सोडावं लागतं.

आणि खरी मेख पुढेच आहे. गिरणी बारा महिने चालते, पाऊस चार महिनेच पडतो. म्हणजे चार महिन्यांत आलेलं पाणी उरलेले आठ महिने पुरवायचं. त्याला साठा पाहिजे, साठ्याला तलाव पाहिजे, तलावाला दरी पाहिजे. आणि सह्याद्रीच्या दऱ्या काही रिकाम्या नव्हत्या. दरीच्या तळालाच तर माती असते, पाणी असतं, भात पिकतो आणि गाव वसतं. धरणाला जी जागा उत्तम, नेमकी तीच शेतीलाही उत्तम.

दुसरी गोष्ट पैशाची. कोळशाच्या गिरणीत इंजिन तुलनेने स्वस्त, खर्च रोजच्या कोळशाचा. पाण्याच्या विजेत उलटं. पाणी फुकट, पण धरण, बोगदे, पाइप, तारा यांचा सगळा खर्च पहिल्या दिवशीच करावा लागतो आणि वीज विकायच्या आधीपासून त्यावर व्याज चढायला लागतं. सोलरचं आजही हेच आहे. म्हणून अशा प्रकल्पात जमीन स्वस्त मिळावी आणि पटकन मिळावी असं कंपनीला वाटणार. त्यासाठी ब्रिटिश सरकारचा १८९४ चा भूसंपादन कायदा तयारच होता. सार्वजनिक काम म्हटलं की सरकार जमीन घेऊन देणार. मालकाने नाही म्हणायची सोय त्यात नव्हती, भाव किती एवढाच वाद घालायचा.

लोणावळ्यानंतर आंध्रा खोरं झालं, तिथल्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. त्याच सुमाराला मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशीला, धरण बांधायचं ठरलं. त्यात पन्नासच्या आसपास गावं बुडणार होती आणि दहा हजारांच्या वर माणसं उठणार होती. मावळातली ही माणसं, शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या मावळ्यांचे वंशज म्हणून त्यांना अभिमान. खोऱ्यात आंबेमोहोर भात पिकायचा. लोकांना विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती. शेतात खुणा करायला आणि चर खणायला माणसं आली तेव्हा अनेकांना कळलं की आपलं गाव पाण्याखाली जाणार आहे.

मावळ्यांनी पुण्याला येऊन पुढाऱ्यांना गाठलं. लोकमान्य टिळक १९२० मध्ये वारले होते, असहकाराची चळवळ जोरात होती. मुळशीत सत्याग्रह करायचं ठरलं आणि १९२१ च्या रामनवमीला तो सुरू झाला. बायका, म्हातारे, मुलं सगळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. गांधीजींनीही यंग इंडियात लिहून टाटांना या गरीब लोकांचा विचार करण्याची विनंती केली. कंपनीने काही महिने काम थांबवलं. पण ते पुन्हा सुरू झालं आणि मग अटकसत्र आलं. विनायकराव भुस्कुटे आणि बापट हे या लढ्याचे प्रमुख होते. काळकर्ते शिवरामपंत परांजपेही यात तुरुंगात गेले. बापट गावोगाव पायी फिरले, स्वतः गाणी रचून लोकांत गायले, तुरुंगात गेले, सुटले, परत मुळशीत गेले, परत तुरुंगात गेले. सेनापती ही पदवी त्यांना इथे मिळाली. ज्याला सैन्य नाही, शस्त्रं नाहीत, आणि ज्याच्या मागे भात लावणारी माणसं आहेत असा हा सेनापती.

इथपर्यंत वाचताना मला वाटत होतं की गोष्ट सोपी आहे. एकीकडे कंपनी, दुसरीकडे शेतकरी. पण पुढचा भाग जास्त अवघड आहे. मुळशीतल्या पुष्कळ जमिनी कागदोपत्री सावकारांच्या होत्या, आणि त्यांपैकी बरेच पुण्यात राहणारे होते. कसणारी कुळं मावळात. भरपाईची रक्कम वाढू लागली तसे सावकार मऊ पडत गेले. त्यांना जमीन म्हणजे रक्कम, आणि रक्कम बरी मिळत होती. कुळाला जमीन म्हणजे पोट, पण त्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, मग चेक कोणाच्या नावाने निघणार? पुण्यातल्या पुढाऱ्यांतही मतभेद झाले. शहरातल्या सुशिक्षितांपैकी अनेकांना मनापासून वाटायचं की स्वदेशी उद्योग वाढतोय, हिंदी भांडवलाची वीज येतेय, तर चार गावांसाठी अडवणूक कशाला. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. गिरण्यांत लाखभराहून जास्त कामगार होते, आणि त्यांतले कितीतरी कोकणातून आणि घाटावरून आलेले मराठीच होते.

लढा ढिला पडत गेला. लोक एकेक करून भरपाई घेऊ लागले. १९२४ च्या अखेरीला बापटांनी शेवटचा प्रयत्न केला. धरणाच्या कामासाठी टाकलेल्या रुळांवर दगड रचून त्यांनी आणि मोजक्या साथीदारांनी कामावरची गाडी अडवली आणि पिस्तूल चालवलं. कोणी मेलं नाही, पण माणसं जखमी झाली. तिथेच त्यांनी स्वतःला अटक करवून घेतली. गांधीजींच्या मार्गात हे बसणारं नव्हतं आणि मलाही हे बरोबर वाटत नाही. त्या गाडीवरचे लोकही पोटासाठीच आले होते. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात पाठवण्यात आलं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस एकावन्नाव्या वर्षापर्यंत आत.

ते आत असतानाच धरण पूर्ण झालं. १९२७ मध्ये भिऱ्याचं केंद्र सुरू झालं. वीज तारांवरून मुंबईला गेली, गिरण्यांना मिळाली, पुढे लोकल गाड्यांनाही मिळाली. मुळशीचे लोक कुठे डोंगरावर वर सरकले, कुठे दुसऱ्या गावी गेले. त्यांच्या घरात कंदीलच राहिले.

आपल्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी ताम्हिणीच्या बाजूच्या आहेत. हे सगळं वाचून झाल्यावर मी त्यांना सहज विचारलं. त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांचं गाव पाण्याखाली आहे. गावाचं नाव त्यांना माहीत आहे, तिथे कोणता देव होता तेही माहीत आहे. पैसे मिळाले होते का असं विचारलं तर म्हणाल्या की मिळाले असतील, पण ते कोणाच्या हातात गेले आणि कधी संपले हे घरात कोणाला आठवत नाही. पैसे संपतात आणि जमीन दरवर्षी पिकते, हे इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या पुस्तकात मला कधी नीट समजलं नव्हतं. पोळी लाटता लाटता त्यांनी समजावलं.

आता दोन्ही बाजूंचा हिशोब मांडू. पाण्याची वीज आली म्हणून मुंबईच्या डोक्यावरचा धूर कमी झाला. लाखो टन कोळसा वाचला. ही केंद्रं आजही चालू आहेत, शंभर वर्षं होत आली, आणि इंधनाचा खर्च शून्य. एवढी टिकाऊ गुंतवणूक दुसरी दाखवा! धरण झालं नसतं तर फुकटात काही मिळालं नसतं. तेवढीच वीज कोळशातून आली असती, आणि कोळशाच्या खाणींनीही गावं उठवलीच आहेत. झरियाला जमिनीखाली लागलेल्या आगी शंभर वर्षांहून जास्त काळ धुमसत आहेत. म्हणजे विजेची किंमत कोणीतरी मोजतंच.

पण कोण मोजतं? मुळशीत फायदा मुंबईला झाला आणि खर्च मावळाने भरला. वीज मुंबईला स्वस्त मिळाली, त्यात त्या भाताच्या खोऱ्याचाही वाटा होता आणि तो कोणत्याही बिलात दिसला नाही. आमच्या एक्सेल शीटमध्ये जागेच्या कॉलममध्ये शून्य होतं, तसाच. बापटांचा लढा या शून्याशी होता असं मला वाटतं. विलायतेत यंत्रं शिकलेला माणूस यंत्राला घाबरून मुळशीत गेला असेल हे मला पटत नाही.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. १९३१ मध्ये सुटल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. भाषणांसाठी पुन्हा तुरुंग, निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात भाग, सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं काम. अरविंद घोषांच्या लेखनाचं त्यांनी मराठीत भाषांतर केलं. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात झेंडा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. कोणी म्हणेल आता विश्रांती. पण १९५५ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरले आणि मग संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही. २८ नोव्हेंबर १९६७ ला ते गेले. १९७७ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

आणि नियतीची गंमत बघा. मुंबईत ज्या रस्त्याला त्यांचं नाव दिलंय तो गिरणगावातून जातो. ज्या भागातल्या गिरण्यांसाठी मुळशी बुडाली, त्याच भागात त्यांच्या नावाची पाटी आहे. गिरण्या आता बंद पडल्या, फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला. धरण मात्र आहे, आणि गावंही आहेत, पाण्याखाली. आपण पावसाळ्यात ताम्हिणी घाटात भिजायला जातो, मुळशीच्या काठावर मॅगी आणि भुट्टा खातो, कोलाडला राफ्टिंग करतो. ते राफ्टिंग ज्या कुंडलिका नदीत होतं तिला सकाळी पाणी येतं ते भिऱ्याच्या टर्बाइनमधून सुटलेलं मुळशीचंच.

आता पुन्हा आपल्याकडे. आपण सगळे मानतो की सोलर आणि विंडकडे जायला हवं, आणि ते खरंच आहे. सोलरचे भाव एवढे उतरलेत की मोठ्या प्रकल्पांची बोली युनिटला दोन-तीन रुपयांपर्यंत खाली आली. पण हा भाव ऊन असतानाचा. संध्याकाळी सातला आपण हॉस्टेलवर येऊन सगळ्या खोल्यांचे दिवे लावतो तेव्हा ऊन नसतं. म्हणजे बापटांच्या वेळचाच प्रश्न, चार महिने आणि आठ महिन्यांऐवजी दिवस आणि रात्र. साठा पाहिजे. बॅटरी घ्या किंवा पाणी वर चढवून ठेवा, खर्च वाढतो. पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडण्यात १०० युनिट घातले की परत ७५ ते ८० मिळतात. त्यासाठी पुन्हा त्याच डोंगरांची आठवण झाली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारबरोबर भिवपुरीला १००० आणि शिरवट्याला १८०० मेगावॉटच्या पंप स्टोरेजचा सामंजस्य करार केला. शंभर वर्षांपूर्वी कोळशाला पर्याय म्हणून अडवलेलं पाणी आता उन्हाची वीज साठवायला वापरायचं!

जागेचंही तेच. सोलरच्या एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर लागतात. १००० मेगावॉट म्हणजे चार-पाच हजार एकर. पडीक म्हणून दाखवलेल्या जमिनीवर कोणाची गुरं चरत असतात, कोणी सरपण गोळा करत असतं, आणि त्यांचं नाव सातबाऱ्यावर नसतं, मुळशीच्या कुळांसारखंच.

थोडा फरक मात्र पडला आहे. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला, ग्रामीण भागात बाजारभावाच्या चारपटीपर्यंत मोबदला आणि पुनर्वसन त्यात आहे. महाराष्ट्राच्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात शेतकऱ्याची जमीन विकत न घेता भाड्याने घेतात. वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. जमीन नावावर राहते आणि पैसा दरवर्षी येतो. मावशींचं गणित कोणीतरी ऐकलं म्हणायचं. यामुळे युनिटचा भाव थोडा वाढतो, आणि माझ्या मते तो वाढायलाच हवा, कारण ती खरी किंमत आहे. पण भाडंसुद्धा मालकालाच मिळतं, गुराख्याला नाही. तो प्रश्न अजून शिल्लकच आहे.

आमच्या ग्रुपने शीट पुन्हा केली. मार्क वाढणार नव्हते, तरी केली. जागेच्या कॉलममध्ये भाडं घातलं, साठवणुकीचा खर्च घातला. पेबॅक पीरियड दोन वर्षांनी लांबला. सोलर तरीही फायद्याचीच निघाली, हे मुद्दाम सांगते, कारण खरा खर्च धरला की प्रकल्प बुडतो अशी उगाच भीती असते. शेवटी एक कॉलम वाढवला, त्याचं नाव ठेवलं, या जागेवर आज कोण आहे. त्यात आकडा भरता येत नाही. तिथे जाऊन विचारूनच भरावं लागतं.

आपल्यातले कितीतरी जण उद्या पॉवर सेक्टरमध्ये जातील. कोणी सोलर पार्कची साइट निवडेल, कोणी धरणाचं डिझाइन करेल. तेव्हा नकाशावर दरी दिसेल, पडीक जमीन दिसेल, शीटमध्ये शून्य टाकायचा मोह होईल. त्या वेळी पारनेरचा तो मेकॅनिकलचा विद्यार्थी आठवला तर बरं होईल. आणि पुढच्या वेळी एस बी रोडवरून जाताना पाटीकडे एकदा मान वर करून बघा, एवढंच.